बाई, लाल दिवा आणि आमचं बहुमत

बाई, तुमच्या शोकसभेला आम्ही उशिरा पोचलो आणि त्याला जबाबदार तुम्ही आहात. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे नंतर कुणी खालच्या आवाजात कुजबुजायला नको. वाशीच्या शाळेचा हॉल भरलेला, सतरंज्या घातलेल्या, उदबत्ती पेटलेली, आणि टेबलावर तुमचा फोटोच नाही! कारण फोटो जनाकाकांच्या मांडीवर होता, जनाकाका तुमच्या गाडीत होते, आणि तुमची गाडी सानपाड्याजवळ रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी होती.

लोक म्हणाले, शोकसभेला उशीर, शोभतं का हे? मी म्हणते, दुसऱ्या कुणाच्या सभेला शोभलं नसतं. तुमच्या सभेला शोभलं.

मग भाषणं झाली. तुमचा जन्म, शिक्षण, बदल्या, निवृत्ती, सगळं रांगेत उभं करून सांगितलं. एका वक्त्याने तुम्हाला ‘मितभाषी’ म्हटलं. तुम्हाला! मी हरकत घ्यायला उठणारच होते, पण भालेरावांनी माझं कोपर दाबून मला खाली बसवलं. म्हणून आता हे लिहिते. मला लिहिता येतं ते पत्रकच, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझं प्रत्येक पत्रक छापायला जाण्याआधी तुमच्याकडे यायचं आणि तुम्ही लाल पेन घेऊन माझी उद्गारचिन्हं खोडायचात. “मंदे, वाचणारा बहिरा नाहीये.” आता हवी तितकी घालते. खोडायला या!

तुमची गाडी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला राग आला होता. (मला बहुतेक गोष्टी पाहिल्यावर आधी रागच येतो, हे तुमचंच निरीक्षण.) नव्या शहरासाठी आमच्या जमिनी जाताहेत, आमचे बापे रोजगार शोधत फिरताहेत, आणि एक शाळामास्तरीण आमच्या गावच्या बैठकीला मोटारीतून येते? जवळ गेल्यावर कळलं, ती मोडीत निघालेली जुनी टॅक्सी होती. वरून राखाडी रंग मारलेला, पण दार उघडलं की कडेचं पिवळं अजून दिसायचं. तुम्ही नोकरी संपत आली तेव्हा गाडी शिकलात. गावात सगळे बघायला जमले. जनाकाका म्हणाले, “बाय, गाडी चालवता का गाडीला शिकवता?” कारण तुम्ही तिच्याशी बोलायचात. चढ आला की, “चल, चल, लक्ष दे,” आणि गिअर बदलताना खरखर झाली की, “पुन्हा एकदा, नीट.”

मलाही त्याच गाडीवर शिकवलंत. नेरुळच्या बाजूला तेव्हा रस्ते आधी आले होते आणि घरं यायची होती. रुंद डांबरी रस्ते, दोन्ही बाजूंना रंगवलेले कट्टे, सेक्टरच्या पाट्या, आणि माणूस नाही. मी म्हणाले, बघा, आमच्या शेतांवर यांनी काय केलंय, रिकामे रस्ते! तुम्ही म्हणालात, “ते पत्रकात लिही. आत्ता क्लच दाब.”

आणि पहिला धडा चावीचाच होता. चावी अर्धी फिरवायची, इंजिन सुरू करायचं नाही, आणि डॅशबोर्डवर तेलाच्या कॅनच्या चित्राचा लाल दिवा लागतो की नाही ते बघायचं. लागला तर तो जिवंत आहे. मग इंजिन सुरू करायचं आणि तो विझायला हवा. “ही त्याची हजेरी,” तुम्ही म्हणालात. “‘हजर’ म्हणतो आणि खाली बसतो. जो हजेरी देत नाही त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस, त्याचा बल्ब गेलेला असेल. आणि जो मधल्या तासाला उठून उभा राहतो, त्याचं मात्र तिथल्या तिथे ऐकायचं.”

मला ते तेव्हा मास्तरकीचं वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतं.

आता त्या दिवसाचं. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण ऐकाच, कारण शोकसभेत ते कुणी धड सांगितलं नाही. आपल्या शिरवण्याच्या खालच्या आळीचं पावसाचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या एका नाल्याने खाडीत जायचं. नव्या शहराचा नवा रस्ता आला तो नाल्यावर आडवा. भराव घातला आणि मोकळे झाले. नकाशात नालाच नव्हता! गावाला विचारलं असतं तर शेंबड्या पोराने दाखवला असता. आता पाऊस आला की पाणी भरावाला अडणार, मागे फिरणार आणि खालच्या आळीच्या चुलींत शिरणार. आपलं मागणं एवढंच होतं, की भरावाखालून दोन मोठे पाइप टाका आणि पाण्याला वाट द्या. त्या रस्त्याबद्दलच्या हरकती नव्या शहराचे साहेब बेलापूरच्या ऑफिसात एकाच सकाळी ऐकून घेणार होते. वेळेत पोचला त्याची हरकत, नाही पोचला तो गेला.

समितीच्या अध्यक्षा म्हणून बोलणार होतात तुम्ही. तुमचा आवाज मागच्या बाकापर्यंत जायचा. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन मागे बसले, शेजारी जनाकाका, ज्यांचं घर त्या आळीत सगळ्यांत खाली. पुढे भालेराव, वाशीच्या नव्या चाळीतले, मूळचे परभणीकडचे, मुंबईत एका ऑफिसात कारकून. सभेचे सगळे नियम त्यांना पाठ. आणि गाडी तुमच्या हातात.

गावातून निघतानाच, त्याच भरावासाठी खणून ठेवलेल्या चरावरून जाताना खालून धाडकन आवाज आला. आपण चौघांनी मिळून त्या चराला आणि तो खणणाऱ्यांना शिव्या दिल्या. म्हणजे तिघांनी दिल्या. तुम्ही “अरे, अरे, अरे” म्हणालात. मग हायवेला लागलो, मी तुमच्या भाषणाचे मुद्दे मोठ्याने वाचू लागले, आणि उरण फाट्याच्या अलीकडे तुम्ही म्हणालात, “थांब मंदे.” मला वाटलं मुद्दा चुकला. तुम्ही गाडी कडेला घेत होतात.

“काय झालं?”

“दिवा लागला.”

जनाकाका पुढे वाकले. “तो? बाय, तो त रोज पेटते. चावी फिरवली का पेटतेच. आज जरा जास्ती पेटला आसंल. चला!”

“काका, चालत्या गाडीत लागलाय.”

“बॅटरीचा असेल हो,” भालेराव म्हणाले.

“बॅटरीचा हा शेजारचा. हा तेलाचा. इंजिनात तेल फिरत नाहीये असं तो सांगतोय. लोखंडावर लोखंड घासायला लागलं तर हे इंजिन दोन-चार मिनिटांत बसेल. मग बेलापूर राहिलं, कुठेच जाणार नाही.”

“पण बेलापूर समोर दिसतंय!” मी ओरडले. दिसत नव्हतं, पण दिसल्यासारखंच होतं. “हळू चालवा. हळू चालवलं तर काय होतं?”

“हळू मरेल.”

इंजिन अजून चालू होतं, पाय ब्रेकवर, बाजूने दगडखाणीचे ट्रक धूळ उडवत चाललेले. आणि तेव्हा भालेराव घसा साफ करून ते वाक्य बोलले, जे या तालुक्यात दुसऱ्या कुठल्या गाडीत कुणी बोललं नसेल.

“मग ठराव मांडू या.”

यात हसण्यासारखं काय होतं? नियम तुमचाच होता! समिती स्थापन झाली त्या दिवशी तुम्हीच सांगितलंत, की इथे अध्यक्षही एकटा निर्णय घेणार नाही, जे काही ठरेल ते हात वर करून. गावात एवढी वर्षं एकच माणूस ठरवत आला, ते आता बंद. त्या एका नियमासाठी मी समितीत आले होते. म्हणून मी तिथेच ठराव मांडला: गाडी हळू वेगाने बेलापूरपर्यंत न्यावी. भालेरावांनी अनुमोदन दिलं. बाजूने कोण? तीन हात वर. जनाकाकांनी तर दोन्ही केले होते, एक मोजला.

“विरोधात?”

तुम्ही स्टिअरिंगवरचा हात काढलात. मला वाटलं वर कराल. तुम्ही चावी फिरवून इंजिन बंद केलंत आणि चावी पर्समध्ये टाकलीत.

“ठराव मंजूर,” तुम्ही म्हणालात. “पण इंजिन समितीचं सभासद नाहीये.”

बाई, मला त्या क्षणी तुमचा इतका राग आला होता की मी दार आपटून बाहेर पडले आणि ते दार, तुम्हाला आठवतं, परत लागेनाच.

मग तुम्ही बॉनेट उघडलंत आणि काहीच केलं नाहीत. नुसत्या उभ्या! “आता काय?” “आता थांबायचं. तेल खाली उतरू दे, नाहीतर माप खोटं दाखवतं.” सुनावणी चाललीय आणि ही बाई तेल उतरायची वाट बघतेय. थोड्या वेळाने तेल मोजायची पट्टी ओढलीत, फडक्याने पुसलीत, परत घातलीत, परत ओढलीत. पट्टीवर दोन खुणा असतात आणि तेल त्यांच्या मध्ये असायला लागतं. आपलं तेल खालच्या खुणेलाही नव्हतं. पट्टीच्या टोकाला काळा ठिपका, बस्स. मी पट्टी हिसकावून घेतली, माझा विश्वास नव्हता. हात काळे झाले. जनाकाका मागे रस्त्याकडे बघत होते. “मंदा, हिकडं ये. ह्ये बग.” आपण आलो त्या वाटेवर डांबरावर एक काळी, बारीक, ठिबकत आलेली ओळ होती. गावाच्या दिशेने, दिसेल तिथपर्यंत. त्या चरातल्या दगडाने गाडीचं खालचं तेलाचं चेंबर फोडलं होतं. डिकीत तेलाचा डबा होता, पण फुटक्या चेंबरमध्ये ओतून काय करता?

“तुम्ही तिघं जा,” तुम्ही म्हणालात आणि खडीच्या एका ट्रकला असा हात केलात की त्याला थांबावंच लागलं. “मंदा बोलेल.”

“मी? माझ्याने बोलताना भांडण होतं!”

“मग भांड. फक्त पाइपवरच भांड.”

आम्ही खडीवर बसून बेलापूरला गेलो. उशीर झालाच. साहेब उठायच्या बेतात, समोर चहा. मी हात न धुता गठ्ठा टेबलावर ठेवला. वरच्या पत्रकावर माझी पाचही बोटं काळी उमटली. साहेब म्हणाले, “हे काय आहे?” मी म्हणाले, “तेल आहे. तुमच्या चराने सांडलेलं. आमच्या अध्यक्षा त्याच्यामुळे रस्त्यावर उभ्या आहेत. पाऊस आला की त्याच चरात पाणी उभं राहील, आणि त्याच्या मागे यांचं घर आहे.” आणि मी जनाकाकांना पुढे ढकललं. जनाकाका एवढंच म्हणाले, “साहेब, पान्याला आमी घराचा पत्ता दिलेला नाय, पन तं येनार.”

साहेब स्वतः जागा बघायला आले, हे खरं. पण हरकतींची वेळ संपली होती, म्हणून आपली हरकत ‘सूचना’ म्हणून दाखल झाली. हरकतीला उत्तर द्यावं लागतं, सूचनेचं नुसतं स्वागत होतं. मागितले दोन पाइप, मिळाला एक!

पुढच्या बैठकीत मी तुमच्यावर निषेधाचा ठराव आणला. समाजमंदिरात माणूस मावत नव्हता. मी म्हणाले, अध्यक्षांनी बहुमताचा अपमान केला, आणि त्यामुळे गावाला एक पाइप कमी मिळाला. तुम्ही खुर्चीवरून उठलात, कारण स्वतःवरच्या ठरावाला स्वतः अध्यक्ष राहायचं नसतं, आणि खाली सतरंजीवर बायकांमध्ये जाऊन बसलात. भालेरावांनी विचारलं, ठरावाच्या बाजूने कोण? आणि सगळ्यांत आधी वर गेलेला हात तुमचा होता.

सभेत हशा पिकला. मला संताप. “बाई, हा चेष्टेचा विषय नाही!”

“मी कुठे चेष्टा करते? नियम मोडला, निषेध बरोबर आहे. परत दिवा लागला तर परत मोडीन, परत निषेध कर. मी परत हात वर करीन.”

अशा माणसाशी भांडायचं कसं? सांगा ना!

पुढच्या पावसात तो एक पाइप पुरला. पाणी वाजत, फेसाळत भरावाखालून खाडीत गेलं. जनाकाकांच्या उंबऱ्यापर्यंत चढलं, उंबरा ओलांडला नाही. आणि नंतर गावातले काही शहाणे म्हणायला लागले, “काय झालं? काय पन नाय झालं. उगाच बोंब मारत व्हती समिती.” मी तणतणत तुमच्या घरी आले. तुम्ही पोहे करत होतात. ऐकून इतक्या हसलात की चष्मा कढईत पडता पडता वाचला. “म्हणजे पूर आला असता तर आपण शहाणे ठरलो असतो!” मी म्हणाले, हसू नका, दोन पाइप असते तर उंबऱ्याला पण पाणी लागलं नसतं. तुम्ही म्हणालात, आणि इंजिन बसलं असतं तर? मग हाच आपला रामराम झाला. तुम्ही शाळेच्या फाटकातून दिसलात की मी लांबून, “दोन पाइप!” आणि तुम्ही छत्री उंचावून, “इंजिन!” रिक्षावाल्यांना वाटायचं आपण कुठल्यातरी पक्षाच्या घोषणा देतोय.

ते भांडण मिटलं नाही. मिटणार कसं? तुम्ही वेळेवर थांबलात, म्हणून इंजिन बसलं असतं की नाही हे कुणालाच कळलं नाही. वेळेवर थांबणाऱ्याकडे पुरावा उरत नाही. बाई, हा तुमच्या बाजूतला मोठा दोष आहे, आणि आता पाइप पुरल्यामुळे तो आपल्या बाजूतलाही आहे. हे मला तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं. मान्य करायला लागेल म्हणून सांगितलं नाही.

तुमच्या दुखण्यातही तुम्ही तेच केलंत. पहिल्यांदा छातीत कळ आली तेव्हाच डॉक्टर गाठलात, मीठ सोडलंत, जिना सोडलात, गाडीची चावी माझ्या हातात ठेवलीत. काही म्हणता काही चालढकल नाही. आणि तरी गेलात. वेळेवर थांबून गेलात! हे कुठल्या न्यायात बसतं? याचा मी तीव्र निषेध करते. पण तो कुणाच्या टेबलावर ठेवायचा ते मला कळत नाही.

तर रविवारी आम्ही तिघं निघालो. मी चालवत, पुढे भालेराव हार घेऊन, मागे जनाकाका तुमचा फोटो मांडीवर धरून. चावी अर्धी फिरवली, दिव्याने हजेरी दिली, विझला. सानपाड्याजवळ आलो आणि परत लागला. मधल्या तासाला.

“बल्बच असेल,” भालेराव म्हणाले, पण सवयीने.

“मंदा, शाला हितंच त हाय,” जनाकाका म्हणाले. “लोक वाट बगत आसतील. बायचा फोटू माझ्याकडं हाय.”

“मग ठराव...” भालेरावांनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

जनाकाका म्हणाले, “बाय त हितंच हाय. तिलाच इचारा.”

मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, चावी पर्समध्ये टाकली. बॉनेट उघडलं. मग तेल उतरायची वाट बघत आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. तुम्ही असतात तर त्या वेळात काहीतरी बोलत राहिला असतात, ट्रकवरच्या पाट्या वाचून त्यांतल्या चुका काढल्या असत्यात. कुणीच काही बोललं नाही. जनाकाकांनी डोक्यावरची टोपी काढली. भालेरावांनी हार हातात नीट धरला. नंतर हॉलमध्ये सगळे उभे राहून गप्प राहिले तेव्हा मला काहीच वाटलं नाही. माझं ते सानपाड्यालाच झालं होतं.

पट्टी पुसली, घातली, ओढली. तेल वरच्या खुणेला. जमिनीवर थेंब नाही. तेल पुरेसं आणि तरी दिवा, म्हणजे तेल आहे पण फिरत नसेल, आणि तेच कारण असेल तर गाडी हलवायचीच नाही, ओढून न्यायची. हेही तुमचंच. म्हणून गाडी तिथेच सोडून तुमचा फोटो हातात घेऊन आम्ही चालत आलो. तुमच्या काचेवर धूळ बसली होती, ती मी दाराशी पदराने पुसली.

मंगळवारी मेकॅनिकने सांगितलं, तेल बरोबर, पंप बरोबर. दिव्याच्या स्विचची वायर घासून उघडी पडली होती. बाकी काही नाही.

“म्हंजे?” जनाकाकांचे डोळे चमकले. “म्हंजे चालवली आसती त चालली आसती?”

“चालली असती,” मी म्हणाले.

“म्हंजे बायच्या सभेला आपन उगाच उशिरा?”

“उगाच.”

“आनि परत पेटला त?”

“परत थांबवीन.”

काल समितीची बैठक होती. तुमच्या जागी कोण, हा पहिला विषय होता. मग भालेराव उठले आणि त्यांनी माझ्यावर निषेधाचा ठराव मांडला: वायरच्या एवढ्याशा दोषासाठी गाडी थांबवून दिवंगत अध्यक्षांच्या फोटोला सभेस विलंब घडवल्याबद्दल. जनाकाकांनी अनुमोदन दिलं, दोन्ही हात वर करून. मी पुढच्या रांगेतून उठून सतरंजीवर बायकांमध्ये जाऊन बसले.

बाई, ठराव एकमताने मंजूर झाला. पहिला हात माझा होता.

आणि पाइप दोनच हवे होते.